नावावरची रेघ

साखर पेठ, सोलापूर
२ डिसेंबर

प्रिय जोतिराम,

पाकिटावरचं माझं अक्षर तू ओळखशील, म्हणून आधीच सांगते, न वाचता फाडू नकोस. आणि आत घडी घातलेला एक मोठा कागद आहे, तो पत्र वाचून झाल्यावरच उघड. पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे. आठ वर्षांत ती गेली असेल असं वाटत नाही.

तुझा पत्ता तूच दिलास. ऑक्टोबरमध्ये मी माझ्या नव्या फॉन्टचा नमुना लोकांना वापरून बघायला दिला. ज्याला हवा त्याने नाव, कामाचा पत्ता आणि काही सूचना असतील तर त्या लिहायच्या. साडेतीनशे जणांनी तो घेतला. बहुतेकांनी ‘छान’ नाहीतर ‘सुंदर’ एवढंच लिहिलं, आपल्याकडे सूचना म्हणजे तेवढंच असतं. बेंगळुरूजवळच्या एका ग्रॅनाइटच्या कारखान्यातून कुणा सिद्धरामने मात्र लिहिलं, ‘भ ची गाठ खाली घ्या. दगडात ती खाली आहे.’ मी खुर्चीतून उठले आणि खोलीत दोन चकरा मारल्या. दगडातली भ ची गाठ कुठे आहे हे जगात तीन माणसांना माहीत आहे. एक मी. दुसरे तुझे आप्पा, आणि त्यांना कॉम्प्युटर कुठून सुरू करतात ते माहीत नाही. नाव खोटं द्यायचं होतं तर पत्ताही खोटा द्यायचास. पण खोटं पुरतं बोलणं तुला कधीच जमलं नाही.

तर गाठ खाली घेतली. तुझं बरोबर होतं. राग आला, पण बरोबर होतं.

फॉन्टचं नाव ‘पायरी’. कुठली पायरी ते तू नमुना बघताक्षणी ओळखलं असशील. तुमच्या गावच्या बिरोबाच्या देवळाच्या पायऱ्यांवर तुझ्या आप्पांनी, आणि त्यांच्या आधी तुझ्या आजोबांनी, येडूबांनी, देणगीदारांची नावं कोरली, त्या अक्षरांवरून तो केला आहे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तूच मला तिथे नेलं होतंस. अकलूजला एसटी बदलली, नातेपुत्याला उतरलो आणि तिथून उसाच्या ट्रॅक्टरमागे धूळ खात मोटरसायकलवर. मी पायरीवर कागद पसरून मेणखडूने अक्षरांचे ठसे घेत होते आणि तुझी आई, फुलामावशी, पदर ताणून माझ्यावर सावली धरून उभी होती. ही पोरगी देवाच्या पायरीवर पालथी पडून काय करते, असं दोघीतिघींनी विचारलं. मावशीने तोंडावरची सुरकुती न हलवता सांगितलं की सोलापूरची हाय, तिकडं असंच पाया पडत्यात.

ते सगळे ठसे मी जपून ठेवले होते. दोन वर्षांपूर्वी माळ्यावरून त्या कागदांची नळी काढली आणि कामाला लागले. माझ्याबद्दल एवढंच की मी अजून साखर पेठेतच आहे, खाली माग चालतात, त्यांच्या खटखटीशिवाय मला आता काम सुचत नाही. लग्न झालेलं नाही. दोन स्थळं आली आणि आपल्या वाटेने गेली. हे मी तुझ्यावर भार टाकायला लिहीत नाही, माहिती म्हणून लिहिते.

काळ्या दगडातलं अक्षर पडद्यावर आणायचं म्हणजे नुसतं गिरवायचं नाही, हे तुला सांगायला नको. छिन्नी आत शिरते तिथे खाच रुंद, बाहेर निघते तिथे टोकदार. जसंच्या तसं काढलं तर मोबाइलवर सगळं काटेरी दिसतं. टोकं बोथट केली तर दगड निघून जातो आणि शाळेची पाटी उरते. सहा महिने मी नुसत्या काना या एका उभ्या दांडीवर घालवले. पण सगळ्यात मोठा पेच वरच्या रेघेचा. त्या पायऱ्यांवर निम्म्याहून जास्त नावांवर रेघच नाही. रेघ नसली की म आणि भ सारखेच दिसू लागतात, म्हणून आप्पांनी भ ला ती गाठ दिली. रेघ नसली की अक्षरं एकमेकांपासून सुटतात, म्हणून ते ती दाटीने बसवायचे आणि दोन शब्दांत बोटभर जागा जास्त सोडायचे. मी तसाच, रेघ नसलेला फॉन्ट केला. ज्या पुण्याच्या कंपनीसाठी हे काम आहे तिथल्या लोकांना तो भलताच आवडला, फार मॉडर्न आहे म्हणाले. खालच्या मागवाल्यांनी गंमत म्हणून टॉवेलच्या चिठ्ठीवर छापून बघितला आणि वर येऊन मला काळजीने विचारलं की ताई, वरची छपाई राहिली का.

रेघ का नाही, ते तुला माहीत आहेच. तरी लिहिते, कारण कागदावर ते कसं दिसतं ते मला बघायचं आहे. जिवंत माणसाच्या नावावर रेघ मारायची नाही. माणूस गेलं की घरचे आप्पांना बोलावणार, आप्पा छिन्नी-हातोडा घेऊन जाणार, त्या नावावर रेघ मारणार, आणि मग ते नाव पुरं झालं. ही फक्त तुमच्या घराण्याची रीत. दुसऱ्या कुठल्या गावात मी ती पाहिली नाही, आणि दोन वर्षांत मी गावं काही कमी पाहिली नाहीत.

आता ज्याबद्दल आपण आठ वर्षं गप्प आहोत ते. तू नातेपुत्याला गाळा घेऊन दगड कोरायचं मशीन बसवलंस, तेव्हा पहिलं मोठं काम देवळाचंच आलं. नव्या सभामंडपाच्या देणगीदारांचा ग्रॅनाइटचा फलक. चौदा नावं, कॉम्प्युटरमधल्या तयार अक्षरात, रेघेसकट. मशीनला काय ठाऊक कोण जिवंत आहे. आप्पांनी फलक पाहिला आणि पाठ फिरवून घरी गेले. चौदांत एक नाव फुलामावशीचं होतं, आपल्या दोन शेळ्या विकून तिने देणगी दिली होती. पोराच्या हातच्या फलकाशेजारी ती फोटोला उभी राहिली, ते मी पाहिलं आहे. दोन महिन्यांनी तिला कावीळ झाली. आधी झाडपाला झाला, अकलूजच्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता.

राख सावडून आल्यावर, अंगणात माणसं बसलेली असताना, आप्पा तुला म्हणाले, “रेघ तू मारलीस.” तेवढंच. मी ओसरीवर चहाचे पेले घेऊन उभी होते. आपण लग्न करणार हे त्या अंगणात सगळ्यांना माहीत होतं, फक्त आपण अजून कुणाला सांगितलं नव्हतं. मी बोलले असते तर चाललं असतं. मी पेले वाटले. आठवड्याने तू मशीन विकलंस आणि गेलास, नंबरही बदललास. मी चिडले, रडले, परत चिडले आणि मग त्यातच राहिले. तुझ्यावर चिडणं सोपं होतं. स्वतःवर चिडायला मला बरीच वर्षं लागली.

फॉन्टसाठी मी आप्पांकडे पुन्हा जाऊ लागले. पहिल्या खेपेला ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, पण एसटीत बसल्यावर बघितलं तर पिशवीत शेंगांची पुडी होती. दुसऱ्या खेपेपासून बोलू लागले, पण फक्त अक्षरांबद्दल. एकटेच असतात. शेजारच्या मथुराबाईंची सून भाकरी आणून देते. तुझं नाव त्यांनी काढलं नाही आणि मीही काढलं नाही. आम्ही दोघं मिळून तुझ्याबद्दल न बोलण्यात फार तरबेज झालो होतो.

मागच्या गुरुवारची गोष्ट. फॉन्टबरोबर द्यायला कंपनीला माहितीचं एक पान हवं होतं. मी दोन दिवस खपून ते लिहिलं आणि आप्पांना वाचून दाखवायला घेऊन गेले. ‘शतकानुशतकांच्या लोकश्रद्धेतून आलेली ही रीत मरणाला अक्षराच्या पूर्णत्वाशी जोडते,’ अशी काहीतरी सुरुवात होती. तू हसतो आहेस ना? आप्पाही हसले. ‘शतकानुशतकं’ कानावर पडलं आणि त्यांना हसू फुटलं, हसता हसता ठसका लागला, मी धावत जाऊन पाणी आणलं. आठ वर्षांत मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहत होते. पाणी पिऊन ते म्हणाले, “लई झ्याक लिवलंस. पर तसं काय न्हाय, बाई. माझ्या बापाचा डोळा गेला हुता.”

येडूबांच्या डाव्या डोळ्यात दगडाची कपची उडाली होती. ऐन उमेदीत, देवळाच्या पायऱ्यांचं काम हातात असताना. उरलेल्या एका डोळ्याने अक्षरं जमायची, कारण अक्षर चार बोटांचं, चाचपून कोरता येतं. पण हातभर लांब सरळ रेघ येईना. गेरूची दोरी ताणून आखून घेतली तरी छिन्नी पुढे सरकेल तशी रेघ खाली उतरायची. पहिल्याच नावावर ती वाकडी गेली. त्यानंतर ते लोकांना सांगू लागले की अक्षरं झाली, रेघ मागनं मारतो. डोळा अधू झाल्याचं कळलं असतं तर काम दुसऱ्या गावच्या पाथरवटाकडे गेलं असतं. लोक वाट बघत राहिले. दोनेक वर्षांनी देणगीदारांतला एक जण वारला. त्याची बायको म्हणाली, आता तरी मालकांचं नाव पुरं करा. आप्पा तेव्हा विशीत होते, डोळे धडधाकट. त्यांनी बापाच्या हातातून छिन्नी घेतली आणि रेघ मारली. पुढे आणखी एक जण गेला, पुन्हा तसंच झालं. तिसऱ्या वेळेपर्यंत गावच बोलू लागलं की माणूस गेल्यावरच रेघ मारायची असते. येडूबा गप्प राहिले, आप्पाही गप्प राहिले. बापाचं झाकलं जात होतं.

मी विचारलं, येडूबा गेल्यावर तरी का नाही सांगितलं? म्हणाले, तोवर गावाला ते खरं वाटायला लागलं होतं, आणि मलाही थोडं थोडं.

तिसऱ्या पायरीवर सयाजी नावाच्या माणसाच्या डोक्यावर ती वाकडी रेघ आहे, आठवते तुला? मी ती ‘प्रवाही’ समजले. फॉन्टमध्ये शोभेची जादा रेघ म्हणून घातली आणि पुण्याच्या मंडळींनी तिचं खास कौतुक केलं. ती एका डोळ्याने मारलेली रेघ आहे, जोतिराम. आणि तो सयाजी तिच्यानंतर तीस वर्षं जगला, तुझ्या आईवडिलांच्या लग्नात हलगीपुढे नाचला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मग मी उठून सभामंडपात गेले आणि तुझा फलक पहिल्यांदा नीट वाचला. इतकी वर्षं मी मान वळवून त्याच्यासमोरून जात होते. चौदा नावं. मावशी गेली. आणखी दोन म्हातारे त्यांच्या त्यांच्या वयाने गेले. उरलेले अकरा जण रेघेखाली हिंडताहेत-फिरताहेत. मथुराबाई नव्वदी ओलांडून रोज सुनेशी भांडतात. मी त्यांना जाऊन विचारलं, आजी, फलकावर तुमच्या नावावर रेघ आहे, भीती नाही वाटत? त्या म्हणाल्या, “मला वाचता कुटं येतंय?”

इथपर्यंत हसत लिहिलं. पुढचं तसं लिहिता येत नाही. मी परत आले तेव्हा आप्पा अंगणात तिथेच बसले होते, तुला ज्या जागी ते म्हणाले होते त्याच जागी. माझ्याकडे न बघता म्हणाले, “त्याला बोललो तवाबी मला म्हाईत हुतं, रेघेनं काय हुत न्हाय. दुसऱ्या कुनाला म्हाईत न्हवतं. मला एकट्याला म्हाईत हुतं. आन् मीच बोललो.”

मग सांगितलं ते असं. तू पहिल्या दिवसापासून मावशीला अकलूजला न्यायचं म्हणत होतास. कावीळ उतरवणाऱ्याकडे तिला तेच घेऊन गेले, एकदा नव्हे, तीनदा. उशीर त्यांनी केला. माणसं अंगणात बसली होती, कुणीतरी विचारणार होतं की एवढा उशीर कसा झाला, आणि तू समोर होतास. मी त्यांच्यावर ओरडले. म्हातारा माणूस, डोळ्यांत पाणी, आणि मी ओरडले की हे आठ वर्षं पोटात घेऊन बसलात कसे? ओरडून झाल्यावर आठवलं की पेले मीही वाटले होते. मला माफ कर. आप्पांच्या वतीने मी माफी मागू शकत नाही, माझी मागते. त्या दिवशी मी तुझ्या बाजूला येऊन उभं राहायला हवं होतं.

माहितीचं पान मी फाडलं आणि नवीन लिहिलं. आता त्यात शतकं नाहीत, येडूबांचा डोळा आहे. आप्पांना विचारलं, हे छापलं तर चालेल का? म्हणाले छाप, आता कुणाचं काम जातंय. वाकडी रेघ मी फॉन्टमध्ये ठेवली आहे, फक्त तिचं नाव ‘येडू’ केलं. पुण्याला अजून कळवलेलं नाही, ते बघू.

आणखी एक तुला माहीत असायला हवं. आप्पांना काचबिंदू आहे. इथे सोलापूरला मीच दाखवून आणलं. कडेचं दिसत नाही, समोरचं दिसतं, सकाळच्या उन्हात बऱ्यापैकी दिसतं. गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकवू, असं डॉक्टर म्हणाले. थेंब वेळेवर घालतात, मी फोन करून विचारते.

आता तो कागद उघड. ठसा गुरुवारचाच आहे, त्यानंतर आम्ही दोघं देवळात गेलो तेव्हाचा. देवळाच्या सगळ्यात खालच्या पायरीवर, मावशीचं नाव त्यांनी फलकाच्या कितीतरी आधी कोरलं होतं त्याच्या शेजारी, आप्पांनी या उन्हाळ्यात आपलं नाव कोरलं. ज्ञानबा येडू. अक्षरं दाटीने, मधे बोटभर जागा, आणि ब ची उभी दांडी थोडी कललेली, कारण तोवर डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली होती. मावशीच्या नावावर रेघ आहे, ती त्यांनी तेराव्याला मारली. त्यांच्या नावावर नाही. ती तू मारावीस एवढं सांगायला त्यांनी मला हे पत्र लिहायला लावलं. ते गेल्यावर नव्हे, आत्ता, दिसतंय तोवर, सकाळच्या उन्हात, गावाला बोलावून. छिन्नीने मार नाहीतर मशीन घेऊन ये, त्यांची हरकत नाही. ते त्याच पायरीवर बसणार आहेत, आणि या वेळी मी तुझ्या शेजारी असेन. मी म्हटलं, तुमचं पत्र तुम्हीच लिहा. तर म्हणाले, दगड सोडून कशावर कधी लिहिलं नाही. मग काय लिहू, असं विचारलं, तेव्हा बराच वेळ पायरीवर हात फिरवत राहिले आणि म्हणाले, “लिव की, रेघ मारून झाली की मी उठतो, आन् घरी जाऊन त्याला च्या करून देतो.”

तुझीच,
वैजयंती